नोट बदलणार असेल, तर गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत निरोप कसा पोचवायचा

मार्च २०१७. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या शेजारच्या आजींनी एक जुनी नऊवारी भांडीवालीला द्यायला काढली. भांडीवालीनं नेहमीप्रमाणे काठ चाचपले आणि पदराच्या दुमडीत टाचून ठेवलेल्या पाचशेच्या सात नोटा तिच्या हाताला लागल्या. साडेतीन हजार रुपये. बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबर २०१६ ला संपून गेली होती. आजींच्या घरात टीव्ही होता, नातवाकडे फोन होता, नोटबंदीचा विषय रोज जेवताना निघायचा. पण त्यांना बाजूला बसवून "आजी, ठेवणीतले काही आहेत का हो?" असं कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि मी त्या दिवसांत रोज सकाळी बँकेच्या दारात टेबल टाकून लोकांच्या स्लिपा भरून देत होते.

२०२३ मध्ये दोन हजारांची नोट परत घेतली, तेव्हा आमच्या महिला मंडळानं काम वेगळ्या पद्धतीनं केलं. त्या दोन अनुभवांतून जे कळलं ते इथे लिहिते आहे. मंडळातल्या मुली, सोसायटीचे सेक्रेटरी, कॉलेजची मुलं, कुणीही पहिल्यांदा हे काम अंगावर घेणार असेल, त्यांच्यासाठी. १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या होत्या, मग २०१६, मग २०२३. म्हणजे हे काम पुन्हा कुणाच्या तरी वाट्याला येणारच.

१. आधी मूळ सूचना वाचा, मगच तोंड उघडा

टीव्हीवरची पट्टी नाही, ग्रुपवर आलेला फोटो नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची सूचना. ती हिंदीतही असते. दोघींनी मिळून मोठ्यानं वाचा आणि वहीत पाच उत्तरं लिहा:

– कोणती नोट?
– दुकानात ती कधीपर्यंत चालेल?
– बँकेत कधीपर्यंत घेतील?
– बदलून किती मिळेल आणि खात्यात किती भरता येईल?
– मुदत संपल्यावर काही सोय आहे का, आणि कुठे?

दुसरा आणि तिसरा प्रश्न वेगळे आहेत. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून जुन्या पाचशे-हजारच्या नोटांचा कायदेशीर चलनाचा दर्जा गेला. काही ठरावीक ठिकाणं सोडली तर बाजारात त्या चालेनाशा झाल्या, खात्यात मात्र ३० डिसेंबरपर्यंत भरता येत होत्या. १९ मे २०२३ ला दोन हजारांची नोट परत घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा ती नोट कायदेशीर चलन राहील असं सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं. बँकांनी ती नव्यानं द्यायची नाही, लोकांनी ३० सप्टेंबरपर्यंत बदलून घ्यावी किंवा भरावी, एवढंच. ती मुदत पुढे ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली.

पण लोकांच्या डोक्यात २०१६ पक्कं बसलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्या भय्यानं मला विचारलं, "दीदी, दो हजार का नोट बंद हो गया ना?" आणि समोरच्या काकूंची नोट परत केली. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मागच्या वेळी ज्याचं नुकसान झालं, तो घाबरणारच. म्हणून "रद्द" आणि "परत घेतली" हे शब्द लोकांसमोर वापरूच नका. "ही नोट दुकानात अजून चालते" किंवा "आता दुकानात चालत नाही, फक्त बँकेत चालते" असं सरळ सांगा.

२. नोट बदलते आहे की हिशेब बदलतो आहे, ते ठरवा

आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त कागद बदलतो. पाचशेचे पाचशेच राहतात. पण कधी कधी मोजायची रीतच बदलते आणि तेव्हा जागृतीचं काम कितीतरी पटीनं वाढतं.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, त्या दिवसापासून शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, इथे काही अडचण नव्हती. पण एका आण्याचे होतात सव्वासहा. पाव पैसा देणार कसा? म्हणून तक्त्यात एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस असं धरलं होतं. आता चार वेळा एक-एक आण्याची वस्तू घेतली तर चोवीस पैसे होतात आणि एकदम चार आण्यांची घेतली तर पंचवीस. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्या एका पैशावरून दुकानात रोज वाद व्हायचे, कारण तक्ता दुकानदाराकडे असायचा आणि गिऱ्हाइकाकडे नसायचा. "नवा" हा शब्द १९६४ मध्ये अधिकृतपणे काढला, तोवर लोकांना सवय झाली होती. तरी आमच्या आजी शेवटपर्यंत चार आणे, बारा आणेच म्हणत राहिल्या.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला युरोत गेला, तिथे हे आधी ओळखलेलं दिसतं. ५ सप्टेंबर २०२२ पासूनच दुकानांना प्रत्येक किंमत दोन्ही चलनांत लिहिणं सक्तीचं होतं. एका युरोला ७.५३४५० कुना असा विचित्र दर, तो तोंडी कोण करणार? पण चार महिने रोज पाव आणि दूध दोन आकड्यांत पाहिलं की डोळ्यांना सवय होते.

हिशेब बदलणार असेल तर तुमचं पहिलं काम भाषण नाही, तक्ता. तो गिऱ्हाइकाच्या हातात आधी पोचला पाहिजे. त्यावर मोठ्या रकमा नकोत; दूध, भाजी, रिक्षा, शाळेची फी एवढ्याच.

३. एकच पान काढा, त्यावर तारीख टाका

आमचं २०२३ चं पान असं होतं: एका बाजूला मराठी, मागे हिंदी. आमच्या गल्लीत कामाला येणाऱ्या बायका, चौकीदार, ठेलेवाले हिंदीच बोलतात, त्यांना मराठी पान देऊन उपयोग नाही. वर नोटेचं चित्र आणि रंग. गुलाबी नोट म्हटलं की सगळ्यांना कळतं, नोटांच्या सिरीजचं नाव कुणाला कळत नाही. त्याखाली ठळक अक्षरांत: "फक्त हीच नोट. बाकी सगळ्या नोटा आणि नाणी पूर्वीसारखीच चालतील."

हे वाक्य विसरू नका. आमच्या पहिल्या मसुद्यात ते नव्हतं आणि एक बाई शंभरच्या नोटांची थप्पी घेऊन रांगेत उभी राहिली होती.

नवी नोट येणार असेल तर तिचंही चित्र हवं. २०१६ मध्ये दोन हजारांची नोट नवीकोरी, कुणी नीट पाहिलेली नाही, तेव्हा झेरॉक्स काढलेल्या नोटा देऊन भाजीवाल्यांना फसवल्याच्या बातम्या आल्या होत्या. रंग, आकार आणि मागचं चित्र एवढं सांगितलं तरी पुरतं. आत्ताच्या पाचशेवर लाल किल्ला, शंभरावर राणी की वाव, दोनशेवर आपल्या मध्य प्रदेशातला सांचीचा स्तूप. सांची बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं, ते लगेच लक्षात राहतं.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख टाका. २०१६ मध्ये नियम सारखे बदलत होते: बदलून मिळायची मर्यादा आधी ४,०००, मग ४,५००, १८ नोव्हेंबरपासून २,००० आणि २४ नोव्हेंबरनंतर काउंटरवर बदलून मिळणंच बंद, फक्त खात्यात भरायचे. जुनी पानं गल्लीत फिरतच राहिली आणि लोक ती दाखवून कॅशियरशी भांडायचे. तारीख असेल तर म्हणता येतं, "काकू, हे दहा तारखेचं आहे, हे घ्या नवं."

४. उलट्या टोकापासून सुरुवात करा

नवीन माणसाची ही हमखास चूक: आधी सभा, मग ग्रुपवर संदेश, मग राहिलेली घरं. सभेला जे येतात त्यांना बहुतेक सगळं माहीतच असतं. राहिलेली घरं राहूनच जातात.

आमच्या यादीत पहिली नावं ही होती: एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबा. अंथरुणाला खिळलेले. ज्यांना दिसत नाही ते. घरकामाला येणाऱ्या बायका. बांधकामावर राहणारी कुटुंबं, ज्यांचं खातं गावाकडे आहे. चौकात ठेला लावणारे. रात्रपाळीचे चौकीदार, जे बँकेच्या वेळात झोपलेले असतात.

आमच्या शहरात एक सोय आहे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि घरातलं कुणी ना कुणी डबे घेऊन दारात येतंच. बऱ्याचदा घरातली बाईच. तीच वेळ धरा. गाडीच्या मागोमाग आम्ही दोघी चालत गेलो आणि तीन सकाळींत सगळी गल्ली झाली. दुपारी दार वाजवलं असतं तर निम्म्या घरांनी उघडलंही नसतं.

घरातल्या बाईशी बोलताना सगळ्यांसमोर पैशाचं विचारू नका. तिची ठेव नवऱ्याला किंवा सुनेला माहीत नसते. ती लपवाछपवी नसते. मुलीच्या बाळंतपणाला, आजारपणाला, भिशीतून वाचवून तिनं बाजूला ठेवलेले असतात. दारात, हळू आवाजात, एवढंच विचारा: "साडीत, डाळीच्या डब्यात, देवघरात, गादीखाली काही असेल तर आजच बघून घ्या. किती आहेत ते मला सांगू नका." हे शेवटचं वाक्य ऐकलं की बाई मोकळी होते. २०१६ मध्ये गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशीचा त्रास होणार नाही असं सरकारनं सांगितलं होतं, पण आमच्या गल्लीत कितीतरी जणींना ते माहीत नव्हतं. प्राप्तिकरवाले येतील या भीतीनं त्या गप्प बसल्या. तुमच्या वेळी असं काही आश्वासन असेल तर ते पानावर सगळ्यात वर छापा.

न दिसणाऱ्या माणसाला चित्राचा उपयोग नाही. त्याच्या हातात नोट द्या. पाचशेवर उठावाचं वर्तुळ असतं आणि दोन्ही कडांना पाच-पाच तिरक्या रेघा. शंभरावर त्रिकोण आणि चार-चार रेघा. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकांचं बोट धरून मी ते दाखवलं, तर त्यांनी दहा मिनिटं नोट सोडलीच नाही, पुन्हा पुन्हा कडेवरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "आता कुणाला विचारायला नको." रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी ते त्याला कळत नाही, हेही सांगायचं.

५. बँकेत जाताना लागणारी कागदपत्रं

– ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स. नियमात लागत नसलं तरी जवळ ठेवा. २०२३ मध्ये एका शाखेत मागायचे, दुसरीत मागत नव्हते.
– पासबुक. खातं बरेच दिवस वापरलं नसेल तर केवायसीसाठी आधी एक फेरी मारावी लागेल. ही फेरी मुदतीच्या पहिल्या आठवड्यात करा.
– पॅन. २०२३ मध्ये एका दिवसात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख भरायची असेल तर ते लागायचं. नसेल तर त्याऐवजी भरायचा फॉर्म शाखेत मिळायचा.
– दुसऱ्याच्या वतीनं जात असाल तर सहीचं पत्र आणि दोघांची ओळखपत्रं. शाखेत आधी विचारून घ्या.
– स्वतःचं पेन.

स्लिप भरताना नोटा मालकाच्या हातातच राहू द्या. तो मोजेल, तुम्ही लिहाल. हा नियम आमच्या टेबलावर कुणासाठीही मोडला नाही.

६. टेबल कुठे आणि कसं टाकायचं

आधी शाखेच्या व्यवस्थापकांना भेटा. त्यांची परवानगी असली की चौकीदार हटकत नाही आणि आतले बदललेले नियम तुम्हाला लगेच कळतात. बाकी पाणी, चार खुर्च्या, कोऱ्या स्लिपा, डिंक आणि ज्येष्ठांसाठी वेगळी रांग. ज्येष्ठांची रांग सकाळी पहिल्या तासात लावून घेतली तर उत्तम.

टेबलावर वही ठेवा, पण तिच्यात फक्त घर आणि "पान दिलं / पुन्हा जायचं" एवढंच. रक्कम नाही, खात्याचा क्रमांक नाही, आधारचा नंबर तर अजिबात नाही.

७. सापळे

कमिशनवाले. "बँकेत कशाला उभे राहता, मी बदलून देतो, थोडे कापून." हा माणूस बऱ्याचदा ओळखीचा असतो. मुदत अजून आहे आणि बँक एक पैसाही कापत नाही, हे दोन मुद्दे सांगितले की लोक थांबतात.

खातं उसनं देणं. २०१६ मध्ये घरकामवाल्या बायकांच्या जनधन खात्यात मालकांनी पैसे भरल्याचं आपण सगळ्यांनी ऐकलं. त्यांना स्पष्ट सांगा: पैसे मालकांचे असले तरी खातं तुझं आहे, विचारपूस तुलाच होईल. दुसऱ्याचे पैसे आपल्या नावावर ठेवणं बेनामी कायद्यात बसू शकतं. "मालकिणीला नाही कसं म्हणू?" असं एकीनं मला विचारलं, तेव्हा आम्ही तिला एक वाक्य दिलं: "बँकेतल्या ताई म्हणाल्या, माझ्या खात्यात फक्त माझेच चालतील." ते वाक्य तिच्या कामी आलं.

फोनवर ओटीपी मागणारे. नोट बदलायला ओटीपी लागत नाही. विषय संपला.

अफवा. नव्या नोटेत चिप आहे, मीठ संपणार आहे, दहाचं नाणं बंद झालं. चिपची गोष्ट खोटी होती, मिठाची खोटी होती. दहाच्या नाण्याचं तर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की चौदाही प्रकारची नाणी चालतात. अफवेवर वाद घालू नका, तिचा संदेश पुढे पाठवून "हे खोटं आहे" असंही लिहू नका, त्यानं ती आणखी पसरते. खरी सूचना छापून किराणा दुकानाच्या काउंटरवर चिकटवा. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या घाऊक दुकानदारानं नाणं घेतलं की खालचे सगळे किरकोळवाले घेतात, म्हणून आधी त्यांच्याकडे जा.

दुकानदारांशी बोलताना सुट्ट्यांचा प्रश्न काढा. मोठी नोट घेऊन पन्नासची भाजी द्यायला तो नाही म्हणतो, कारण त्याच्या गल्ल्यात तेवढे सुट्टे नसतात. मंदिराच्या दानपेटीतली चिल्लर ठेलेवाल्यांना बदलून देता येईल का, ते विश्वस्तांना विचारा. आमच्याकडे एका मंदिरानं दिली.

८. शेवटचे दहा दिवस आणि त्यानंतर

मुदतीच्या दहा दिवस आधी वहीतल्या "पुन्हा जायचं" असलेल्या घरांना परत जा. बाहेरगावी किंवा परदेशी मुलाकडे गेलेले यात हमखास असतात. त्यांना फोन करून विचारा, कपाटात काही आहे का, किल्ली कुणाकडे आहे. २०१६ मध्ये त्या काळात परदेशी असलेल्या भारतातल्या रहिवाशांना रिझर्व्ह बँकेत ३१ मार्च २०१७ पर्यंत सोय होती आणि आमच्या इथल्या दोन कुटुंबांना ती केवळ योगायोगानं कळली.

मुदत संपल्यावर कुणी नोट घेऊन आलं तर लगेच "गेले" म्हणू नका. सूचनेतलं पाचवं उत्तर बघा. दोन हजारांच्या नोटेसाठी ऑक्टोबर २०२३ नंतरही रिझर्व्ह बँकेच्या एकोणीस कार्यालयांत सोय होती. आपल्याला जवळचं भोपाळ. तिथे जायची ताकद नसेल तर पोस्टानं पाठवून खात्यात जमा करून घेता येत होते. फॉर्म, ओळखपत्राची आणि पासबुकाची प्रत जोडायची. आम्ही एका निवृत्त शिक्षकांच्या चार नोटा अशा पाठवल्या. पोस्टाची पावती त्यांना जपून ठेवायला सांगितली होती, ती त्यांनी पैसे जमा झाल्यावरच फाडली.

आजींच्या सात नोटांना मात्र काही उपाय नव्हता. २०१७ च्या कायद्यानं रद्द झालेल्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवल्या तर गुन्हा होत नाही, एवढंच मी त्यांना सांगू शकले. त्या नोटा त्यांनी पुन्हा त्याच पदरात टाचल्या आणि साडी भांडीवालीला दिली नाही. २०२३ मध्ये आमच्या यादीत पहिलं घर त्यांचं होतं. दारात उभी राहून मी विचारलं, तर त्या आत गेल्या, बऱ्याच वेळानं डाळीचा डबा घेऊन आल्या, आणि तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक गुलाबी नोट निघाली. त्याच दिवशी अकरा वाजता आम्ही दोघी बँकेत होतो.

काम संपलं की वही फाडून टाका. तिच्यात रक्कम नसली तरी कोण एकटं राहतं आणि कोणाचं घर बंद असतं, याचा अंदाज तिच्यावरून येतो.